डबीत कोंडलेली हवा

सिंहगडाच्या घाटात, मधल्या वळणावर, मी माझ्या मोटरसायकलला लाथा घालत होते, तेव्हा तो मला पहिल्यांदा भेटला. म्हणजे माझ्याविषयी त्याचं पहिलं मत काय झालं असेल ते सांगायलाच नको.

गाडी जुनी घेतलेली, पण फ्युएल इंजेक्शनची. खाली पुण्यात शहाण्या मुलीसारखी चालायची. घाट लागला की खोकायची, काळा धूर सोडायची आणि वळणावर मान टाकायची. जूनमध्ये आमचा ग्रुप लेहला निघणार होता. यवतमाळहून पुण्याला आयटीत नोकरीला आल्यापासून माझं एकच वेड होतं — ते डोंगर स्वतःच्या गाडीवर, स्वतः चालवत चढायचे. आणि ही बया सिंहगडालाच रडत होती.

"मदत हवीये," मागून आवाज आला, "की अजून थोडा वेळ मारायचंय?"

चष्मा, पाठीला लॅपटॉपची बॅग, चेहरा अगदी कोरा. डोळे मात्र हसत होते, आणि त्यानेच माझं डोकं आणखी फिरलं.

"यातलं कळतं का तुम्हाला?"

"पोट भरतं त्यावर. शुभंकर. खाली वडगावला गॅरेज आहे." तो वाकून धुराचा वास घेत म्हणाला, "एकदा बंद करून चालू करा."

झालं. हिंजवडीत बसून मी रोज अमेरिकेतल्या लोकांना फोनवर हेच सांगते. बंद करून चालू करा. "हे आम्ही कधी सांगतो माहितीये? काही सुचत नसलं की."

"आम्हीसुद्धा," तो म्हणाला.

मी चावी फिरवली. गाडी परत तशीच खोकली. "बघा. काऊन हसता आता?"

"कारण उत्तर मिळालं. चावी फिरवली की गाडीचा कॉम्प्युटर हवेचा दाब नव्याने मोजतो. आत्ता मोजला, तोही चुकीचा. इथे वर हवा विरळ, आणि ही अजून खालच्या हिशेबाने पेट्रोल ओततेय. म्हणजे मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय." मग त्याने खिशातून करवंदांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. रागावर काही उपाय नाही, पण तोंड तरी गोड होईल."

करवंदं आंबट निघाली. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या हातात गेल्यावर झाली असतील."

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच्या गॅरेजात. आणि मग रविवारी घाटात तपासणी. तपासणी म्हणजे काय, तर मी गाडी चालवायची, तो मागे बसणार, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपची वायर गाडीत, आणि हवेचा दाब तो मोठ्याने वाचणार. दोन्ही हात लॅपटॉपला, त्यामुळे वळणावर तो माझ्या पाठीवर आदळायचा आणि दर वेळी "माफ करा" म्हणायचा. मग "माफ कर" म्हणायला लागला. मग काहीच म्हणेना…

"पंच्याण्णव," तो कानाशी वाचायचा. "पंच्याण्णव… अजून पंच्याण्णव."

"वर चाललोय ना आपण? मग दाब उतरायला नको?"

"नको कसा? उतरायलाच हवा."

"मग?"

"मग पुढच्या रविवारी परत बघू."

खरं सांगते, मला तो आवाज आवडायला लागला होता. उन्हाने तापलेला घाट, कुठूनतरी येणारा पिठल्याचा वास आणि कानाशी पंच्याण्णव. सोमवारी ऑफिसात फोन घेताना मी रविवारच्या नावाने वेणीचं टोक चावत बसायचे. पण गाडी काही सुधारेना. आमच्या ग्रुपचा म्होरक्या श्रीधर गडावरच्या वाहनतळाशी उभा राहून प्रत्येकाची चढण बघायचा, आणि माझी दुसरी चढण वाया गेल्यावर तो मला एकटीला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाला, "दीपमाला, तू जीपमधून ये. सामानाच्या जीपमध्ये जागा आहे."

सामानाच्या. मी त्या रात्री जेवले नाही.

शनिवारी गाडी न्यायला गेले, तर शुभंकर नव्हता. त्याचा भागीदार संपत होता, धायरीचा, मनाने सरळ.

"म्याडम, एक इचारू? त्या शिटाखालच्या काळ्या डबीला भोक हाय, त्यात आधीच्या मालकानं एमसील भरलंय, पाणी जाऊ नये म्हून. हवा मोजायची डबी हाय ती. भोकच बुजलं तर हवा कशी मोजंल? मी पहिल्याच दिवशी काढत हुतो. शुभंकर म्हणला, हात लावू नको."

"पहिल्याच दिवशी?"

"व्हय. म्हणला, त्याचं तो बघंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबीत पुण्याची हवा कोंडलेली होती, ती वर गेली तरी पुण्याचीच राहणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला सामानात बसवत होते.

"संपतराव," मी म्हटलं, "काढा ते. आणि त्याला सांगू नका."

रविवारी तो नेहमीसारखा मागे बसला. घाट सुरू झाला. गाडी एकदाही खोकली नाही.

"पंच्याण्णव," त्याने वाचलं. "चौऱ्याण्णव…" आणि थांबला.

"वाच."

"दीपमाला…"

"वाच म्हटलं ना."

"ब्याण्णव." आवाज खाली गेला. "तुला कळलं."

"एक्याण्णव पण येईल. वाचत राहा." वारा एवढा होता की मला ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडायला निमित्त मिळालं म्हणून बरंच वाटत होतं. "काऊन केलंस असं?"

"गाडी दुरुस्त झाली असती तर तू आली नसतीस. पहिल्या रविवारनंतर सांगणारच होतो. मग दुसरा आला…"

"सांगता येत नव्हतं तोंडाने? माझी गाडी आजारी ठेवायची? मला जीपमध्ये घालत होते ते, शुभंकर. पोत्यांबरोबर."

"जीपचं मला माहीत नव्हतं. शपथ."

"कारण तू विचारलंच नाहीस."

त्याने लॅपटॉप मिटला. गाडी मात्र काय सुरेख चालली होती, आणि त्याचा आनंद मला घेता येत नव्हता, याचाही राग आला.

वर श्रीधर उभाच होता, सगळा ग्रुप भजी खात बसलेला. श्रीधरने गाडीचा आवाज ऐकला, मान हलवली. "आज चढली. पण दोष काय होता? ते कळल्याशिवाय मी ही गाडी खारदुंगच्या खिंडीत नेणार नाही. उद्या परत बिघडली तर?"

मी सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती. मी नुसती शुभंकरकडे बघत राहिले.

आपल्या निदानावर ज्याचं गॅरेज चालतं त्याने पंधरा मोटरसायकलवाल्यांपुढे कबूल करायचं होतं, की निदान पहिल्याच दिवशी झालं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोष एका भोकाचा होता," तो म्हणाला. "ते बुजलेलं होतं. मला ठाऊक होतं आणि मी ते तसंच ठेवलं. गाडी आता ठणठणीत आहे, कुठेही न्या. मालकिणीचे रविवार मी वाया घालवले."

"का?" श्रीधरने विचारलं.

"कारण…" त्याचे कान लाल झाले. "मला ही आवडते."

भजी खाणारे हात थांबले. मग माझा राग परत आला, पण या वेळी जरा वेगळ्या वाटेने.

"ही? लग्नाच्या बायकोला म्हणतात ही. एवढ्यात 'ही' म्हणण्यावर आलास? नाव घे."

माझ्या तोंडून शब्द गेले आणि मी जीभ चावली. पण उशीर झाला होता. "नाव घे, नाव घे," सगळा ग्रुप मांडवात बसल्यासारखा टाळ्या वाजवायला लागला. तो बिचारा गडाच्या पायरीवर उभा, नवरदेवापेक्षाही घाबरलेला. पण पुणेकर शेवटी पुणेकर. घसा खाकरून म्हणाला,

"खाली बोललो खोटं, खरं सांगतो वर,
दीपमालेचं नाव घेतो, राग थोडा आवर."

श्रीधर हसत म्हणाला, "जीपमधली जागा रिकामी समजायची ना मग?"

"समजा," मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. ते शुभंकरला दिसू नये म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, "यमक जमलं म्हणून राग जात नाही. लेहला जाऊन येईपर्यंत मी रागावलेलीच असणार आहे. थांबशील?"

"थांबतो."

"आणि मी नसताना कुणाच्या मागे बसून गाडी तपासायची नाही."

"पुरुषांच्याही?"

"कुणाच्याच नाही."