जिना नसलेलं घर

“थांब सूनबाई. भाकरतुकडा ओवाळल्याबिगर त्याले आत घेऊ नको. इतक्या दुरून माणूस एकटा येत नाई.”

रुखमाआत्यांनी दारात हात आडवा धरला होता.

कोकिळानं तो हळूच बाजूला केला.

ही गोष्ट ऐकीव नाही. कोकिळा माझी सख्खी मावसबहीण. तिच्याच घरात, मलकापुरात, १९३४ सालच्या वैशाखात हे घडलं. मी स्वतः तिच्या पोरीची ती झोळी पाहून आले आहे. खोटं वाटलं तर वाटू द्या, मलाही आधी वाटलं होतं.

टेशनामागं कापसाच्या प्रेसला लागून बाबू लोकांची बैठी घरं आहेत. वर टिनाचं छप्पर, पुढं अंगण. तिथं कोकिळा राहायची, पोरीला घेऊन. नवरा वामनराव विलायतेला गेला होता, लिव्हरपूलला, कापसाची प्रत पारखायला शिकायला. आत्या म्हणजे वामनरावाची सख्खी आत्या. मूळची उंद्रीची, सुनेला सोबत म्हणून आलेली.

त्या संध्याकाळी वामनराव परत आला तो गरम कोटात. घामानं निथळत होता. आत्यांच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या पाहून म्हणाला, हे चाळे अजून संपले नाहीत का?

कोकिळा नागपूरच्या कॉलेजात शिकलेली. तिलाही लाजच वाटली. राहू द्या आत्या, म्हणाली, दमून आलेत.

आत्यांनी तो तुकडा अंगणातल्या कुत्र्यापुढं टाकला.

कुत्र्यानं हुंगला… आणि शेपूट घालून मागं सरला.

रात्रीपर्यंत अंगण माणसांनी भरलं. विलायत कशी असते ते ऐकायचं होतं सगळ्यांना. वामनराव रंगात आला. म्हणे, भर दुपारी दिवे लावतात. सूर्य धुरात टांगल्यासारखा, काळवंडलेल्या पैशागत. भिंती काळ्या, रस्ते ओले. माणूस माणसाला कुठला म्हणून विचारत नाही.

“मंग भांडाले तरी कोणी भेटते का तिथं?” शेजारचे रंगराव म्हणाले. सगळे हसले.

वामनराव हसला नाही. इथं माणसं म्हशींसारखी धुळीत लोळतात, म्हणाला. म्हणताना त्यानं कोकिळाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. दीड वर्ष तिनं ज्याची वाट पाहिली होती, तो हा.

मग कोणीतरी विचारलं, राहायला कुठं होता?

“तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना होता… अंधारा.”

एवढं बोलून त्यानं पाणी मागितलं. पुढं त्या घराबद्दल एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळा वाळवण उलटत होती. समोर छबी खेळत होती. अडीच वर्षांची पोर, कानात चांदीच्या बाळ्या, बोलणं सगळं आत्यांकडून उचललेलं.

छबी सपाट अंगणात चालत होती… गुडघे उंच उचलून.

एक पाय वर. मग दुसरा. मग पुन्हा.

पोरीनं जन्मात जिना पाहिला नव्हता.

आणि तिचा एक हात वर होता. कोणाचं तरी बोट धरल्यासारखा.

“कुठं चालली गं छबे?”

“वर. ताईसंग.”

कोकिळानं तिला उचललं. उन्हाची लू वाहत होती, पण पोरीचे केस ओले होते. गार. तळव्यांना काळी काजळी लागली होती.

त्यानंतर आवाज सुरू झाले.

प्रेस हंगामाअभावी बंद. टेशनावरही दुपारी सामसूम. आणि घरात… टक… टक… टक…

लाकडावर पावलं. भिंतीच्या आतून. कोळसा भिजल्यासारखा वास.

रोज दुपारी ती पावलं आदल्या दिवसापेक्षा थोडी वर ऐकू यायची.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “कॉलेज शिकलीस आणि बोलतेस आत्यासारखी.”

तो टोमणा तिला लागला. तिनं आत्यांनाही काही सांगितलं नाही.

मग ती दुपार आली.

छबी झोळीत निजली होती. दाराला आतून कडी. आत्या बाजारात गेल्या होत्या. कोकिळा नवऱ्याला वाढत होती.

टक… टक…

या वेळी पावलं दोघांची होती. एक जोडी दुसऱ्यापेक्षा लहान.

कोकिळा धावली. झोळी हलत होती.

रिकामी.

पावलं वर गेली… आणखी वर… टिनाच्याही वर. मग कुठंतरी खूप दूर एक जड दार लागलं.

वामनराव हातातला घास तसाच धरून उभा होता. मग तुटक तुटक बोलू लागला.

त्या शहरात पहिल्या दिवशी त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. जिन्यावर एक लहान मुलगी बसली होती, अनवाणी. तिनं त्याचं बोट धरलं आणि खोलीच्या दारापर्यंत नेलं. घरमालकिणीला विचारलं, तर ती म्हणाली, या घरात मूल नाही.

“मुलगी मात्र रोज दिसायची. निघालो तेव्हाही तिथंच होती. मी म्हणालो, ये आमच्या गावी, छबीसंग खेळायला. आपण म्हणतो ना निघताना सगळ्यांना, तसं. मराठीत म्हणालो गं. तिले काय कळणार होतं.”

मागं झोळी करकरली.

छबी झोळीत होती. डोळे उघडे.

कोकिळानं तिला छातीशी धरलं. अंग गार होतं. कानात बाळ्या नव्हत्या. वैशाखातही ते कधी तापलं नाही.

आत्या बाजारातून आल्या. पोरीकडं पाहिलं, पण उचललं नाही. नुसती भाकर तिच्यापुढं ठेवली.

पोर भाकरीकडं पाहत राहिली… भाकर कशी मोडायची ते तिला ठाऊक नव्हतं.

आत्या त्याच दिवशी उंद्रीला गेल्या. परत आल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, धसका घेतलाय, बोलेल हळूहळू. वामनरावानं मुंबईला नोकरी धरली. पोरीकडं त्याच्यानं पाहवत नाही, म्हणतो. लोक म्हणतात, कोकिळाचं डोकं फिरलं, शिकल्या बायकांचं असंच होतं. ती त्या पोरीला न्हाऊ घालते, भरवते, निजवते. आणि दुपारी पदर कानावरून काढून ऐकत बसते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेले होते. माझ्या मांडीवर माझं लेकरू होतं, तिच्या मांडीवर ती. पोरीचे ओठ मिटलेले. ती टिनाकडं पाहत होती.

आणि वरून, खूप वरून, आवाज आला…

“आई, मले भूक लागली.”

मी तो ऐकला आहे.

तेव्हापासून कोकिळा भेटेल त्याला एकच विनवते, म्हणून इथं लिहिते. तुमच्या घरचं कोणी विलायतेला असेल, तर त्याला कळवा. लिव्हरपूलला गोदीजवळची काळी घरं आहेत. आत जिने आहेत. तिथं एक मुलगी बसलेली असेल, कानात चांदीच्या बाळ्या.

ती जेवली का… तेवढं पाहून या.