कड्यावर धरलेले पाय

बॅटरी देतो की. नवे सेल घालून देतो. पण उद्या कड्यावर जाणार म्हणताय, तर आधी जरा बसा. आणि तो मोबाइल खिशात ठेव रे, घरी जायला अजून कोणी ओरडत नाहीये तुला.

भूतबीत मी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कोणी सांगायला लागलं की मीच आधी टिंगल सुरू करतो. पण ही गोष्ट आमच्या डेअरीतल्या फिटरची आहे, आणि फिटरला थापा मारता येत नाहीत. सुट्टीसाठी पोट दुखतंय म्हणून सांगायला आला की त्याचं तोंड बघूनच फोरमनला हसू यायचं. मी तेव्हा स्टोअरला होतो, तो रोज माझ्या टेबलावर डबा खायचा. त्याच्याकडून ऐकलंय, आणि नंतर फोरमनकडूनही. दोघांचं सांगणं जुळतं. जुळतं म्हणूनच मला त्रास होतो.

आधी आमच्याकडची कामाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुधाच्या मोठ्या टाक्या असतात, त्यांना वर माणूस जेमतेम शिरेल एवढंच तोंड असतं. आत कुठे सांधा उकलला की बारीक अंगाचा वेल्डर डोकं खाली करून शिरतो, आणि बाहेरचा माणूस त्याचे दोन्ही घोटे धरून ठेवतो. नियम एकच. आतला 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. बाहेर साहेब येऊन ओरडो, भोंगा वाजो, कोणी काहीही सांगो. आत काय चाललंय ते आतल्यालाच ठाऊक.

आत शिरायचा तो बारक्या. अंगाने काटकुळा म्हणून बारक्या. फिटरचा मेहुणा. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मग थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं. तीच फिटरची बायको, आमची वहिनी. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर येईल. पुढे तिला मूल झालं नाही. जे काय होतं ते बारक्याच होता. फिटर तोंडाने कधी बोलायचा नाही, पण टाकीवर बारक्याचे पाय दुसऱ्या कोणाला धरू द्यायचा नाही.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातला चौथा शनिवार. अमावास्या आदल्याच रात्री झालेली, म्हणजे चंद्राचं नाव नाही. आमच्या दुरुस्ती खात्यातली मंडळी सूर्यास्त बघायला कड्यावर चढली. मलाही चल म्हणत होते, पण माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. वर पोचले तर वारा भलताच. टोप्या गेल्या, एकाचा चष्मा गेला. आणि वारा पठाराकडून दरीकडे वाहत होता, म्हणजे पाठीत बुक्के घालून पुढे ढकलणारा. कड्याच्या टोकाशी उभं राहायची सोय नव्हती.

मग यांनी टाकीचीच रीत लावली. एकाने पोटावर पडून पुढे सरकायचं, डोकं कड्याबाहेर काढून दरी बघायची, दुसऱ्याने मागून घोटे धरायचे. बघून झालं की मागे सरकायचं आणि म्हणायचं 'सोड'. हसतखिदळत सगळ्यांची पाळी झाली. सूर्य बुडाला. मागे थोड्या अंतरावर पडक्या भिंतीचा आडोसा होता, तिथे सगळे स्टोव्ह पेटवायला निघाले. बारक्या म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.

वाऱ्यात स्टोव्ह पेटेना. पेटला तेव्हा अंधारून आलं होतं. चहाला उकळी आली तसं फोरमन फिटरला म्हणाला, मेहुण्याला बोलावून आण, नाहीतर गार चहा प्यायला लागेल त्याला.

काम एवढंच. चहाला बोलावणं.

फिटर निघाला. कड्याशी आला तर टोकावर एक जण पालथा पडलेला दिसला. चेहरा नाही दिसला, तो कड्याबाहेर होता. दिसले ते पाय. आणि मागे धरायला कोणी नाही. त्याने हाक मारली. हाक दरीत गेली. तेवढ्यात वाऱ्याचा एक लोंढा आला आणि ते पाय पुढे सरकले.

फिटरने अंग झोकून दिलं. हाताला घोटे लागले. त्याने आवळले. पुढचं सगळं शरीर कड्यावरून खाली घसरलं, आणि पूर्ण वजन त्याच्या दोन हातांवर आलं. नशीब म्हणून त्याच्या बुटांची टोकं एका खडकाच्या खाचेत अडकली.

खालून आवाज आला.

"भाऊजी, सोडू नका."

बारक्याचाच आवाज.

फिटर म्हणाला, नाही सोडत. बाळा, नाही सोडत. बारक्याला तो आयुष्यात पहिल्यांदा बाळा म्हणाला. तो ओढत होता, पण वजन वर येत नव्हतं. आडोशाच्या दिशेने तोंड करून ओरडत होता. आवाज तोंडातून निघाला की वारा उचलून दरीत टाकत होता. हाताला घाम सुटला. घामाने पकड सैल होते, हे फिटरला कोणी सांगायला नको. त्याने नखं रुतवली. खालून रडणं ऐकू येत होतं. ताईला सांगा, भाऊजी... ताईला... पुढचं वाऱ्याने नेलं.

खिशात त्याचा मोबाइल वाजायला लागला. वाजत राहिला. बंद झाला. परत वाजला. तो कसा घेणार?

तो मला म्हणाला, त्या वेळी मी देवाला काही मागितलं नाही. मला एवढंच दिसत होतं, मी एकटा घरी गेलोय, आणि ती दारातून माझ्या मागे बघतेय.

मग बॅटऱ्यांचे झोत आले. फोरमन आला. मागून दोघं आले.

आणि त्यांच्याबरोबर बारक्या आला. हातात चहाचा पेला.

नाही, मध्ये विचारू नकोस. ऐक.

बारक्या लघवीला झाडीकडे गेला होता, आणि पलीकडच्या वाटेने परस्पर आडोशाला पोचला होता. फोरमनने फोन लावला होता तो हेच सांगायला. फोरमन म्हणतो, फिटर पालथा पडलेला. दोन्ही हात कड्याबाहेर. मुठी वळलेल्या. झोत टाकला... मुठींत काही नव्हतं. पण फिटर पुढे सरकत होता. खाचेतून बूट निसटत होते. तिघांनी मिळून त्याच्या कमरेला धरलं, त्याच्यासकट तिघंही सरकायला लागले. रिकाम्या मुठींचं एवढं वजन असतं का? फोरमनने मला हे विचारलं.

बारक्या फिटरच्या कानाशी बसला.

"भाऊजी, मी इथे आहे. सोडा."

आणि खालून...

"भाऊजी, सोडू नका."

एकच आवाज. एक कानाशी. एक खाली.

फिटरने मान वळवली. बॅटरीचा झोत डोळ्यांत होता. चेहरा दिसेना. तो म्हणाला, तू बोल. खालच्याला म्हणाला. आतल्याने सांगायचं असतं... तू सांग.

खालून हळू... फक्त रडणं.

"मी नाही सोडणार," फिटर म्हणाला. "हा सांगत नाही तोवर नाही सोडणार. मला जाऊ द्या याच्याबरोबर."

त्याचा एक बूट निसटला. फोरमन ओरडत होता, अरे सोड, आम्ही सगळे जातोय. दुसरा बूट... निसटायला लागला.

तेव्हा बारक्याने पेला बाजूला ठेवला. फिटरच्या मुठीवर हात ठेवला. हात थंडगार. वाऱ्यात उभ्या माणसाचे हात थंडच असतात, मला माहीत आहे. त्याने एकेक बोट उघडलं. घाई केली नाही. एक. मग दुसरं.

फिटर हंबरत होता. नको रे. नको.

शेवटचं बोट सुटलं.

खाली पडल्याचा आवाज आला नाही. काहीच नाही. वारा मात्र थांबला. एकदम. फोरमन म्हणतो, बटण बंद करावं तसा.

सगळे उतरायला लागले. बारक्या फिटरला खांद्याचा आधार देऊन चालत होता. फिटर सारखा त्याच्याकडे बघत होता. आहे ना, हा आहे ना. घरी पोचले तेव्हा वहिनी जागीच होती. दोघं आलेले बघून तिचा जीव भांड्यात पडला. बारक्याचे पाय चालून सुजले असतील म्हणून तिने गरम पाणी आणलं, बादलीपाशी बसली, आणि त्याचे मोजे तिनेच ओढून काढले.

आणि तशीच बसून राहिली.

दोन्ही घोट्यांभोवती काळेनिळे वळ. बोटांचे. नखं रुतलेल्या जागी रक्त सुकलेलं. फिटरच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं ते. बारक्याच्या उजव्या घोट्यावरचा मधला वळही अर्धाच होता.

वहिनीला काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. तिने तिच्या मनाने जुळवलं. ती उठली, नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडायला लागली. म्हणाली, "तुम्ही धरून ठेवलंत म्हणून आला हो माझा भाऊ. दुसऱ्या कोणी सोडलं असतं."

फिटरने बारक्याकडे बघितलं. बारक्या त्याच्याकडेच बघत होता. त्याने पाय उचलले, आणि पाण्यात ठेवले.

मुका मार आठ-पंधरा दिवसांत जातो. हिरवा होतो, पिवळा होतो, जातो. मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. बारक्या अंगणात अनवाणी बसला होता. वर्ष होऊन गेलं.

वळ अजून ताजेच आहेत.