भिंतीतलं विमान

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून तिला बीडला आणायला मी गावी गेलो होतो. एवढंच काम. पिशवी भरून ती ओसरीत तयारच बसली होती. म्हणाली, "रामप्रसाद, आधी मला पंपघराकडं ने. आज भिंत पाडायलेत."

आमचं गाव माजलगावच्या अलीकडं, कालव्याच्या काठाला. तिथलं पंपघर बंद पडून जमाना झाला. उरली होती ती एक भिंत. जाडजूड, आत सळयांची जाळी आणि त्यावर ओतलेलं सिमेंट-काँक्रीट.

मी लहान होतो तेव्हा कापसावर औषध फवारायला एक छोटं विमान यायचं. चालवणारे अमरसिंह म्हणून होते, परमुलखातले. माळावर विमान उतरवून आमच्याकडं ताक प्यायला यायचे. मनकर्णा आत्या तेव्हा ऐन तारुण्यात, नवऱ्यानं टाकलेली. घरात तिच्याशी कुणी धड बोलत नसे. अमरसिंह मात्र भांडं परत देताना हसून म्हणायचे, "बाई, असं ताक कुठं मिळत नाही." मग आत्या धुणं वाळत घालायच्या निमित्तानं घराच्या माळवदावर चढायची आणि विमान दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची. त्या औषधाचा कडवट वास आजही कुठं आला, की मला तिचा तो वर केलेला चेहरा दिसतो.

एका सकाळी कालव्यावर दाट धुई होती, समोरचं दिसेना. विमान सरळ त्या भिंतीवर गेलं.

आम्ही धावलो. भिंत जागची हलली नव्हती. इंजिन आदळलं तिथं परातीएवढा खळगा, भोवती काजळी. आणि विमान? विमान नव्हतंच. टोपल्यांनी गोळा करावा असा पत्र्याचा चुरा. पाहायला आलेले इंजिनिअर म्हणाले, पातळ पत्रा अशा वेगानं सळईच्या भिंतीवर आला की भिंत राहते, विमानाचं पीठ होतं. अमरसिंहांना एका चादरीत बांधून नेलं. आत्या एवढंच बोलली, "येवढा मोठा माणूस... येवढ्याशा गाठोड्यात?"

ती रडली नाही. पण तेव्हापासून गवताला जाताना भिंतीशी थांबून कान लावायची. आम्ही पोरं हसायचो.

तर आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भिंत पाडणारा पोकलेनवाला लखन मशीन बंद करून दूर उभा होता. तोंड उतरलेलं.

"काका, आतून घरघर यायली. मशीन बंद केली... तरी बी."

आत्यानं जाऊन कान लावला. मला खुणावलं. मीही लावला. काँक्रीट उन्हानं तापलेलं. आणि आत, खूप आत, विमानाचा आवाज. तो जवळ येत होता.

"पैले लई लांब होता," आत्या कुजबुजली. "धारूरच्या डोंगरापल्याड असल्यावानी. दर साली जवळ यायलाय... त्याचं विमान अजून आदळलंच न्हाई रे."

मी तिचा दंड धरला. "आत्या, चल इथनं."

"न्हाई. लखन, पाड बाबा. त्याच्या वाटंतनं काढ ती."

"आज्जे, आत काय हाय ते..."

"पाड म्हन्ते ना!"

लखननं मशीन सुरू करून घाव घातले. आतला आवाज वाढत गेला, पायाखालची माती थरथरू लागली. मी आत्याला मागं ओढत होतो, ती हलेना. भिंत कोसळली आणि कानठळ्या बसवत तो आवाज आमच्या डोक्यावरून गेला. मी वर पाहिलं. आभाळ मोकळं, एक पाखरूसुद्धा नाही. पण जमिनीवरून विमानाची सावली आली. ढिगाऱ्यावरून, आत्यावरून, मग उसाच्या फडावरून. उसाचे शेंडे लवले. मग सगळं शांत.

आत्या हसत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. आत्या आता माझ्याकडंच असते. पोटभर जेवते, सुईत दोरा ओवते, काहीतरी गुणगुणते.

परवा सकाळी बायको ज्वारी वाळत घालून गच्चीवरून खाली आली ती पांढरीफटक पडलेली.

"अहो... उन्हात आत्यांची सावली पडत नाही."

मी वर गेलो. आत्या कठड्याशी चेहरा वर करून उभी होती. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. कोवळ्या उन्हात माझी सावली लांबवर पसरली होती. तिच्यालगतची फरशी मात्र स्वच्छ, उजळ.

"आत्या," मी कसंबसं म्हणालो, "तुझी सावली...?"

ती लाजली. या वयात, तरण्या बाईसारखी.

"गेलीया," म्हणाली. "येती की, दिस बुडायच्या आत."