गाडीला तळणाचा वास

"ढकला, ढकला! उतार संपायच्या आत सुरू व्हायला हवी," रकिया ओरडली आणि तिन्ही पोरं मागच्या हौद्याला भिडली. तेरा वर्षांची शामा, तिची धाकटी बहीण तूदा आणि सुट्टीला कासाब्लांकाहून आलेला मावसभाऊ झुहैर. गाडी उतारावर सुटली, शिंकली, पुन्हा शिंकली, सायलेन्सरमधून फट्‌ असा बार काढला आणि मशिदीच्या वळणावर जाऊन ढिम्म उभी राहिली. हौद्यातली जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हच्या फळांची, पोती जागच्या जागी.

रकिया म्हणजे शामा-तूदाची आई. पुढून मोटारसायकल आणि मागे दोन चाकांवर लोखंडी हौदा, अशी ही गाडी ऐन रुमान गावातल्या सगळ्या घरांनी मिळून घेतलेली. शामाचे बाबा मालट्रक घेऊन अगादीरच्या बाजूला गेले, तेव्हापासून ती रकियाच चालवायची. डोंगरावरच्या बागांतली जैतुनं खालच्या घाण्यावर पोचवायची, हे तिचं काम. बाईमाणसानं गाडी हाकावी हे गावातल्या निम्म्या मिशांना पचलेलं नव्हतं, पण गाडी चालत होती तोवर मिशा गप्प होत्या. आता गाडीनंच दगा दिला होता, आणि तोही रोज सकाळी.

शामानं एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. तोडलेली जैतुनं साठून राहिली की आतून तापतात आणि मग त्यांच्या तेलाला खवट वास येतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"गेला ना घाण्यावरचा आजचाही नंबर?" जलाब्याच्या, त्या पायघोळ झग्याच्या, बाह्यांत हात घालून सी अल्लाल समोर उभे होते. गाडीचा कारभार त्यांच्याकडे. मागे त्यांचा पुतण्या हमीदा मिशीला पीळ देत होता.

"दुपारी छान पळते हो, सी अल्लाल," रकिया म्हणाली. "सकाळीच काय होतं तिला कळत नाही. बाजारातला मेकॅनिक तर लांबूनच बघून म्हणाला, इंजिनचं डोकं बदला."

"इंजिनचं कशाला, चालवणाऱ्याचं बदलू. उद्या सकाळी माल वेळेत घाण्यावर पोचला तर ठीक. नाहीतर किल्ली हमीदाकडे."

रकियानं मान खाली घातली. शामाला तिथल्या तिथे काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण हाताशी जैतुनांशिवाय काही नव्हतं आणि ती फेकायची म्हणजे आपलंच नुकसान. ती नुसती गाडीभोवती चकरा मारत राहिली.

ऊन वर आलं. रकियानं सहज एक किक मारली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. घाण्यावरचा नंबर तेव्हा दुसऱ्याच गावाला गेला होता. तरी रकियानं हौद्यातली पोती उतरवली, बागेची एक फेरी मारली, माल आणून अंगणात टाकला आणि गाडी बंद करून घरात गेली.

"शामा, बस की जरा. तुला बघूनच मला गरगरतंय," झुहैर म्हणाला.

"बसून काय करू? उद्या आईच्या हातातून किल्ली जाणार आहे."

"मग मी एक विचारू? हसायचं नाही. ही गाडी शेजारून गेली की मला भूक का लागते?"

"तुला कशानंही लागते."

"तसं नाही गं. कासाब्लांकाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण सफेंज तळतो. गोल, फुगलेले, कढईतून काढले की थेट तोंडात. या गाडीच्या धुराला अगदी त्या कढईचा वास येतो."

"मला वाटलं मलाच येतो," तूदा म्हणाली. "म्हणून तर मी गाडीमागून पळते."

शामा हसणार होती, पण थांबली. तिनं सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेलं आणि नाकाच्या शेंड्याला काजळी लावून वर आली. खरंच की. तळणाचा वास.

टाकीचं झाकण कधीचंच हरवलेलं, तिथे फडक्याचा बोळा. शामानं तो काढला, आत काडी बुडवली आणि थेंब बोटावर घेतला. पेट्रोल बघता बघता उडून गेलं, बोट मात्र ओशट ते ओशटच. तिनं बोट झुहैरच्या नाकाखाली धरलं.

"ओल्या गवतासारखा वास येतोय," तो म्हणाला.

"नव्या तेलाचा आहे तो. यंदाच्याच घाण्याचा. कोणीतरी टाकीत जैतुनाचं तेल ओततंय."

"हमीदा," तूदानं निकाल देऊन टाकला. "त्यालाच किल्ली हवीय."

पुरावा हवा होता. मावळतीच्या सुमाराला तिघं अंगणातल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे दबा धरून बसली. शामाला एका जागी बसवेना. कधी पाय बदल, कधी मान वर काढ, असं तिचं चाललं होतं.

आणि हमीदा आला. इकडेतिकडे पाहून तो गाडीवर चढला. त्यानं दोन्ही मुठी हँडलला धरल्या, पुढे वाकला आणि तोंडानं "ब्रूम, ब्रूम" असा आवाज काढत जागच्या जागी वळणं घेऊ लागला. मधूनच आरशात बघून मिशी सारखी करायचा. हसू दाबायला झुहैरनं पोत्याचं टोक तोंडात कोंबलं. मन भरेपर्यंत गाडी हाकून हमीदा उतरला आणि आला तसा निघून गेला. टाकीला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

"गेला आपला चोर," झुहैर तोंडातली सुतळी काढत पुटपुटला.

तेवढ्यात घराचं दार वाजलं. चहाचा छोटा काचेचा पेला दोन्ही हातांत सांभाळत बासीदी आले. शामाचे आजोबा, बाबांचे वडील. पेल्यात हिरवंगार तेल होतं. त्यांनी गाडीच्या टाकीवरून मायेनं हात फिरवला, बोळा काढला, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि तेल आत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सी अल्लालांना खरं सांगावं तर आजोबांची गावभर शोभा, न सांगावं तर आईची किल्ली गेली. हमीदा असता तर किती बरं झालं असतं, असं शामाला मनापासून वाटलं. पण बसून राहणं तिला जमणारं नव्हतं. ती उठून पुढे झाली.

"बासीदी, हे काय करताय?"

बासीदी जराही दचकले नाहीत. "दिसत नाही? नव्या तेलाचा पेला घरात सगळ्यांना मिळाला. तुला दिला, तूदाला दिला, हा शहरी पाहुणा तर दोन प्यायला. खेचर होतं तेव्हा त्यालाही पाजायचो, थंडीत सांधे मोकळे राहतात. मग हिनंच काय घोडं मारलंय? घरात सगळ्यात जास्त राबते ती हीच."

"रोज पाजता?"

"थंडी रोज असते, बाळ. आणि सकाळी खोकते बघ कशी. म्हणून हल्ली पेला काठोकाठ भरतो."

शामा आईला घेऊन आली. ऐकता ऐकता रकिया पायरीवर बसली, तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडत होती आणि हसतही होती. बासीदींना मात्र सुनेचा चेहरा बघून सगळं उमगलं. हातातला रिकामा पेला कुठे ठेवावा हेच त्यांना सुचेना.

फोनला रेंज फक्त गच्चीवर. तूदाला तिथे उभं केलं. बाबा फोनवर बोलायचे आणि तूदा खाली ओरडून सांगायची, स्वतःची भर घालून.

"बाबा म्हणतात, कढईच्या काठावर तेलाचा पिवळा चिकटा धरतो ना, घासून निघत नाही तो? तसा चिकटा एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे धूर सोडणाऱ्या झडपेच्या, दांडीवर धरलाय. गरम असला की मऊ, गार झाला की घट्ट. म्हणून सकाळी व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहतो आणि सगळा जोर धुराच्या वाटेनं पळून जातो. बाबा हसतायत. बासीदींना सांगू नका म्हणाले. अरे, सांगितलं."

रकियानं इंजिनवरचं छोटं झाकण उघडलं आणि शामानं हातानं किक सावकाश दाबली. शेजारचा व्हॉल्व्ह खाली जाऊन टुणकन वर आला. एक्झॉस्टचा खाली गेला तो गेलाच.

"बाबा म्हणतात, सायलेन्सर सोडवा आणि त्या भोकातून दांडीवर रॉकेल सोडा. मुरू द्या. हातोडी घेऊन झुहैर जवळ आला तर त्याच्या हातावरच मारा. हे बाबाच म्हणाले."

कंदिलातलं रॉकेल कामी आलं. तेल मिसळलेलं पेट्रोल डब्यात काढून टाकलं. ताजं हवं होतं आणि दुकान बंद झालेलं. "ते माझ्याकडे लागलं," असं म्हणून झुहैर हमीदाच्या दारात गेला.

"हमीदा खुया, भाऊ, तुम्ही तोंडानं मोटारसायकल काय सुरेख वाजवता हो. सी अल्लालांनी ऐकलीय का कधी?"

हमीदानं मुकाट्यानं पेट्रोलची बाटली आणून दिली, वर मूठभर बदामही दिले.

मग आली बाबांनी सांगितलेली दोरी. कपडे वाळत घालायची मऊ, स्वच्छ दोरी स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सोडायची, टोक गाठ मारून बाहेर ठेवायचं आणि पिस्टन हळूच वर आणायचा. म्हणजे दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून वर ढकलतो, अलगद, काही न मोडता. दोरी जरा सैल सोडून वरून लाकडी दांडीनं दाबलं की तो पुन्हा खाली.

"किक बासीदी दाबतील," रकिया म्हणाली. "सावकाश जोर लावायचा तर त्यांचाच हात हवा."

बासीदी गुडघ्यांवर बसले. ते किक दाबायचे, शामा वरून दांडीनं रेटायची, रकिया रॉकेल सोडायची. वर, खाली. वर, खाली. आधी व्हॉल्व्ह करकरला, मग कुरकुरला. काळं-पिवळं पाणी गळून खालच्या थाळीत साठलं. शामाची बोटं थंडीनं वाकेनाशी झाली तरी तिनं दांडी सोडली नाही. शेवटी दोरी बाहेर काढली, किक फिरवली, आणि व्हॉल्व्ह खाली गेला तसा टक्‌ करून वर आला. बासीदींनी पुन्हा एकदा किक फिरवली, नुसता तो आवाज ऐकायला.

सकाळी अंगणात दव गोठलं होतं. पोती चढली होती. अर्धं गाव जमलं होतं, कारण कोणाची फजिती व्हायची असली की गावाला लवकर जाग येते. सी अल्लालांनी तळहात आधीच पुढे केला होता.

रकियानं किक मारली. गाडी घुरघुरली आणि गप्प झाली. हमीदा एक पाऊल पुढे सरकला. रकियानं पुन्हा मारली, आणि इंजिन असं खणखणीत पेटलं की भिंतीवरची कोंबडी फडफडत खाली आली.

"झालं काय होतं हिला?" सी अल्लालांनी विचारलं.

शामानं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "कचरा अडकला होता."

"कचरा नव्हे, मी," बासीदी मागून म्हणाले. "रोज टाकीत नवं तेल घालत होतो. नावं या सुनेला ठेवलीत आणि मी ऐकत बसलो. खोड माझी होती. पोरांनी शोधली आणि सून-नातीनं रातोरात दुरुस्तही केली."

माणसं हसायला लागली. शामाचा चेहरा लाल झाला, पण बासीदी ताठ उभे होते. एक सी अल्लाल तेवढे हसले नाहीत. त्यांचा पुढे केलेला हात हळूहळू जलाब्याच्या बाहीत परत गेला.

"म्हणजे," त्यांनी घसा साफ केला, "तेलानं इंजिन बिघडतं म्हणता?"

सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

"नाही, विहिरीवरचा माझा पंप. सकाळी सुरू होत नाही. थंडीचे दिवस, मला वाटलं थोडं पाजावं."

यावर जे हसू उसळलं, त्यात हमीदा सगळ्यांत पुढे होता. सी अल्लालांनाही शेवटी हसावंच लागलं. त्यांनी शामाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुझ्या आईच्या हाताला नावं ठेवली, ती मी परत घेतो. गाडी तिची. आणि तुम्ही तिघांनी जे केलं ते आम्हा म्हाताऱ्यांना सुचलं नसतं. आता दोरी घेऊन माझ्या पंपाकडे चला."

"पंप घाण्यावरून आल्यावर बघू, सी अल्लाल," रकिया क्लच सोडत म्हणाली. "आधी माझा नंबर."

तिन्ही पोरं पोत्यांवर चढली. गाडी मशिदीचं वळण न शिंकता पार करून खाली निघाली. आईची पाठ किती ताठ दिसत होती. शामाला इतका अभिमान वाटला की ती घाण्यापर्यंत एका जागी बसून राहिली.