उद्या फवारा हाये

चपला हातात घेऊन पैनगंगा ओलांडणारी बाई दिसली की काठावरचे रिकामे लोक दोनच अंदाज बांधतात. म्हैस सुटली असेल, नाहीतर नवऱ्याशी बिनसलं असेल. महामायाकडे म्हैस नव्हती आणि नवराही नव्हता. ती मधमाश्यांच्या मागे निघाली होती.

देऊळघाटच्या टोकाला, नदीच्या अंगाला त्यांचं घर. वडील किसनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि परसात शेवग्याखाली मधमाश्यांच्या पेट्या मांडून बसले. यंदा जानेवारीतल्या पहिल्याच मधाला कांद्याचा वास आला. "हे भाकरीवर घ्यावं का झुनक्यात टाकावं?" असं आई, सिंधूताई, म्हणाल्या. वास येतो कुठून ते बघायला माया (घरात तिला सगळे मायाच म्हणत) सकाळीच निघाली.

पलीकडच्या काठावर चढली आणि थबकली. अख्खं वावर पांढरं. बियाण्यासाठी लावलेला कांदा होता तो, कमरेएवढे हिरवे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोल पांढरा गोंडा. गोंड्यागोंड्यावर माश्या. सगळं शिवार बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होतं. आणि त्या पांढऱ्यातून एक जण पाठीवर औषधाचा पंप घेऊन, नळी सरळ करत येत होता.

"ओ भाऊ... थांबा."

तो थांबला. डोक्याला रुमाल, नाकाला रुमाल, मधे फक्त डोळे. डोळे कसे होते ते मायाने तेव्हा पाहिलं नाही, असं ती आजही सांगते. ऐकणारे ऐकून घेतात.

"काऊन?"

"माश्या हायेत."

"वावरात माश्या तं असतातच."

"ह्या माह्या हायेत."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "नाव लिव्हलं हाये का त्याइच्यावर?"

"तुम्ही औषध मारा. मंग सांजच्याले माह्या पेट्यांपाशी या. जेवढ्या मेलेल्या निघतीन, तेवढ्या माह्या."

त्याने नाकावरचा रुमाल खाली ओढला. हसत होता. "माशी बसली तं बी भरते, ते मलेबी समजते. पन फुलकिडेबी बसले हायेत. त्याइले काय करू? तुमच्या पेटीत जागा असन तं घेऊन जा."

मायाला हसू आलं. भांडायला आल्यावर हसणं बरं दिसत नाही म्हणून तिने ते ओढणीत पुसलं. "आदल्या दिवशी सांगत जा. मी सकाळी पेट्यांची तोंडं बंद करीन. दुपारी उघडीन."

"सांगू कसं? नदीतून ओरडू?"

तिने नंबर दिला. मुलीचा नंबर इतक्या सरळ कारणाने आजवर कुणाला मिळाला नसेल, आणि मिळालेल्यानेही तो इतक्या सरळ चेहऱ्याने घेतला नसेल.

"माहं नाव अश्वजित," तो म्हणाला. "त्याच्यापुढं 'भाऊ' नको लावू."

"ते मी पाह्यते काय लावायचं ते," माया म्हणाली आणि चपला हातात घेऊन नदीत उतरली. पुलाचा रस्ता जवळ होता, पण वळून बघायचं असलं तर पाण्यातून जाणं बरं पडतं. घसरायची भीती म्हणून थांबता येतं.

पहिला फोन दोन-तीन दिवसांत आला.

"उद्या फवारा हाये."

"बरं."

"पेट्या बंद करशीन ना?"

"हाव."

"बरं मंग."

"बरं."

पुढे कुणी बोललं नाही, पण फोनही कुणी ठेवला नाही. सकाळी उजाडायच्या आत मायाने ओल्या पोत्याचे बोळे पेट्यांच्या तोंडात बसवले. थोड्या वेळाने नदीवरून वारा आला आणि त्यात औषधाचा उग्र वास. दुपारी पेट्या उघडल्या. एक माशी मेली नव्हती. माणूस शब्दाचा आहे, हे तिने मनात जमेला धरलं.

दुसऱ्या फोननंतरच्या सकाळी वारा आला, पण वास आला नाही. माया काठावर गेली. पलीकडे अश्वजित बांधावर उभा होता. पाठीला पंप नाही, हाताची घडी, तोंड इकडे. ती दिसली तसा तो चटकन वाकला आणि मातीचं एक ढेकूळ उचलून फार काळजीने तपासू लागला.

माया परत आली, बोळे काढले आणि त्यानंतर पेट्या कधी कोंडल्या नाहीत. पण हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोन थांबला असता, आणि मग तोटा कुणाचा, हे तिला समजत होतं.

"उद्या फवारा हाये."

"पुन्हा? आता कायचा?"

"...मावा पडला."

"परवा तं फुलकिडे होते."

"ते गेले. जातानी याइले सांगून गेले."

"काय म्हने?"

"जागा चांगली हाये म्हने. शेजार तं लयच चांगला."

माया ओठ दाबून अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारायची. चार पावलांचं अंगण, पण त्या महिन्यात तिने तिथे बुलढाण्यापर्यंतची वाट चालून घेतली. घरात कुणी कान दिला की मोठ्यांदा म्हणायची, "हाव, उद्या फवारा ना? बरं, पेट्या बंद करते मी," आणि मग आवाज पुन्हा खाली.

किसनरावांनी उभ्या जन्मात माणसं पायरीवरच ओळखली होती. पोराचं वय चोरणारी आई, मागच्या दाराने चढणारा, झोपेचं सोंग घेतलेला, सगळे. घरातला हा विनातिकीट प्रवास मात्र त्यांना दिसला नाही. त्यांना दिसला तो फवारा. सकाळी ते स्टँडवर चहाला जात, कोणती गाडी किती भरली ते बघत बसत, म्हणून पेट्या उघड्या असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. फोन मात्र रोज कानावर पडत होते.

"हा पोरगा बियानं पिकवते का जहर?" ते एका संध्याकाळी म्हणाले. "फुलोऱ्यात कोनी इतकं औषध मारते?"

"पीक जळून जाईन बापा," सिंधूताई म्हणाल्या. पण त्या वावराकडे नाही, लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या.

हेच किसनराव स्टँडवर बोलले. आणि स्टँडवर बोललेलं एसटीच्या आधी पोचतं. नदीपलीकडे पोचेपर्यंत फवारा मागे पडला होता, रोजचे फोन तेवढे उरले होते.

त्यानंतरच्या धाडच्या बाजारात भगवंतरावांनी, म्हणजे अश्वजितच्या मामांनी, किसनरावांना गाठलं. जय भीम झाला, चहा झाला, आणि चहा संपायच्या आत भगवंतरावांनी भाच्यासाठी मायाचा हात मागितला. किसनराव तसेच उठले. घरी येऊन पिशवीतली भाजी ओतता ओतता त्यांनी सिंधूताईंना सांगितलं, "नाही म्हनून आलो. घर चांगलं हाये, शिकलेलं हाये. पन पोराच्या हाताले जहराचा वास हाये. जो वावराले असा कुटते, तो बायकोले कसा वागवीन?"

माया चुलीपाशी होती. हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. एका बाजूने पार काळी झाली.

खरं सांगितलं तर तो निर्दोष सुटत होता. पण मग फोन कशाचे होते, हा प्रश्न तिच्याच दारात येऊन बसत होता.

दुसऱ्या दिवशी अश्वजित नदीच्या डोहापाशी गळ टाकून बसलेला सापडला. माया दोन हात अंतर ठेवून बसली.

"गळाले काही लावलं का?"

"नाही."

"मंग मासोळी कशी लागन?"

"मासोळी कोनाले पायजे." तो पाण्याकडे बघत होता. "तुह्या बाबानं मामाले काय म्हनलं, समजलं मले. मी हात हुंगून पाह्यले, माया. मातीचा वास येते."

त्याचा हात तिथेच, दोन हातांवर, गवतावर टेकलेला... तिला वाटलं, आपणच हुंगून खात्री करावी. उगाच लोकांच्या बोलण्यावर कशाला जायचं.

"उद्या येतो घरी," तो म्हणाला. "खरं सांगतो."

"कोनतं खरं?" तिने हळूच विचारलं. "औषधाचं का... दुसरं?"

"दोन्ही एकच हाये ना."

ती उठली. जाताना त्याच्या गळाची काठी वाकून जरा सरळ केली, काठीला हात लावायचं काही कारण नसताना.

तो आला तेव्हा किसनराव जाळीची टोपी घालून पेटी उघडत होते. फ्रेमवर मध इतका भरला होता की ती दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. माया धुराचं भांडं धरून उभी.

"या," किसनराव टोपीतूनच म्हणाले. "आज कायचं औषध मारून आले तुम्ही?"

"काका, मी औषध मारलंच नाही."

"आज?"

"कवाच नाही. म्हंजे... पयल्यांदा एकडाव मारलं. मंग नाही."

किसनरावांनी टोपीची जाळी वर केली. "आन् रोज फोन येते तो?"

"तो मी करतो."

"तुम्हीच करता ते समजलं. काऊन करता?"

अश्वजितने मायाकडे पाहिलं. मायाने शेवग्याकडे. शेवग्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"काका... दुसरं काय बोलावं, ते सुचत नव्हतं."

किसनरावांचा आवाज चढला. "म्हंजे माह्या माश्या फुकट कोंडल्या? ऐन फुलोऱ्यात, दुपारपावतर उपाशी? औषध मारनारा बरा, तो निदान पिकासाठी तं मारते. तुम्ही तं... जा. मामाले सांगा, माहं नाही म्हंजे नाहीच हाये."

अश्वजितने मान खाली घातली. त्यालाही हेच खरं वाटत होतं. तो वळला. फाटकाची कडी वाजली.

मायाच्या हातातलं धुराचं भांडं उगाचच धूर सोडत होतं. तिने ते खाली ठेवलं.

"बाबा, पेट्या कोंडल्याच नाहीत."

"कोनं?"

"मी. दुसऱ्या फोनानंतर एकडावबी नाही. औषधाचा वासच येत नव्हता."

"म्हंजे हा खोटं सांगून राह्यला, हे तुले ठाव होतं?"

"हाव."

"तरी फोन उचलत होती?"

"...हाव."

किसनरावांपेक्षा मोठा धक्का फाटकापाशी बसला होता. "तुले ठाव होतं?" अश्वजित परत आत आला. "अवो, मी रोज नवा किडा कुठून आनत होतो, माहं मले ठाव. मावा झाला, अळी झाली, करपा झाला..."

"करपा किडा नसते. रोग हाये तो. त्या दिवशी मी ओढनी तोंडात कोंबून बसली होती."

"मंग उचलत काऊन होती?"

"आता तुह्या वावरात काय निघते, ते ऐकाले." ती थांबली. पुढचं वाक्य तिने शेवग्याला सांगितलं नाही, सरळ त्याच्याकडे बघून सांगितलं. "आन् तुले ऐकाले."

इतके किडे तोंडपाठ केलेल्या माणसाला एक शब्द सापडेना.

सिंधूताई मघाशीच दारात येऊन उभ्या होत्या. "मले पयल्या आठवड्यातच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"आन् मले सांगितलं काऊन नाही?" किसनराव.

"कंडक्टर तुम्ही होते. मी नाही."

किसनरावांनी हातातल्या फ्रेमकडे पाहिलं. कोंडलेल्या, उपाशी माश्या एवढा मध करत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ती परत पेटीत बसवली, झाकण लावलं, झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

"एक अडचन हाये," ते अखेर अश्वजितला म्हणाले. आवाज माश्यांबद्दल बोलावं तसा होता, पण नीट जमत नव्हता. "पेटी हलवायची तं चांगली कोसभर लांब न्या लागते. इतक्या जवळ, नदीपलीकडं नेली, तं माशी नवी जागा धरत नाही. उडाली की जुन्याच जागी येते."

अश्वजितला ते पेटीचंच बोलणं वाटलं. मायाला ती माशी कोण ते कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"येईन तं येऊ द्या की," सिंधूताई म्हणाल्या. "आपून कुठी जागा मोडून राह्यलो?"

किसनरावांनी टोपीची जाळी पुन्हा खाली ओढली. पेटी बंद होती, माश्या शांत होत्या, जाळीची काही गरज नव्हती. आतलं तोंड कुणाला नीट दिसलं नाही.

"बस बे," ते जाळीमागून म्हणाले. "उभा काऊन हायेस."