बरोबरीचं किंवा वरचढ

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुकान मांडलेलं असायचं. नव्या बॅटऱ्या घातलेला छोटा टॉर्च, शिट्टी, काचेच्या गोट्या, परदेशी नाणी, हातमोज्यांची कोरी जोडी. माझा नवरा ओरिन चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एकेक वस्तू उचलायचा, हुंगायचा आणि दोन ढीग करायचा. हुंगायचा, कारण वासाची वस्तू जंगलातल्या पेटीत ठेवली की रॅकून पेटीची वाट लावतात, कधी अस्वलही. म्हणून साबण नाही, मेणबत्ती नाही, खाऊ तर नाहीच. काडेपेटी नाही आणि चाकू अजिबात नाही, कारण पेटी कुणाचं पोर उघडेल याचा नेम नसतो.

जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. कुणीतरी रानात पेटी लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं, आणि आमच्यासारखे रिकामटेकडे फोनमध्ये बघत झुडपांत शिरतात. पेटी सापडली की आतली एखादी वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. आमच्या ओरेगनमध्ये काही लोक रविवारी चर्चला जातात, उरलेले पेट्या शोधायला.

"बरोबरीचं ठेवायचं, जमलं तर वरचढ," ओरिन म्हणायचा. "दोन्ही जमत नसेल तर झाकण लावायचं आणि गुमान घरी यायचं."

आमचं बहुतेक वेळा वरचढच असायचं. ओरिन लाल सीडरच्या लाकडाचे अंगठ्याएवढे पक्षी कोरायचा. शेपटीखाली एक तिरकी खाच, ती त्याची खूण. लोक मुद्दाम आमच्या मागावर राहून पेट्या उघडायचे, पक्षी मिळाला की फोटो टाकायचे.

मग त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढत जाणार असंही सांगितलं. तरी तो कोरत राहिला. एकदा चाकू तळहातात रुतला, त्या दिवशी मी तो चाकू पुलावरून क्लॅकमस नदीत फेकून दिला. हाडाच्या मुठीचा, त्याच्या बापाचा चाकू होता. शर्टाची बटणं मी लावून द्यायला लागले तेव्हा तो खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. मला ते बघवत नसे.

मी जन्मभर शाळेची बस चालवली. माझा आरशांवर आणि ब्रेकवर विश्वास आहे, बाकी कशावर नाही. हे आधीच सांगून ठेवते.

ती पेटी पहिल्यांदा सापडली तेव्हा माझ्याबरोबर शेजारची लॅव्हॉन होती. लॅव्हॉन म्हणजे मनानं लाख, पण अदलाबदलीत अट्टल भामटी. बर्गरबरोबर फुकट मिळालेली खेळणी ठेवायची आणि चांगलं ते उचलायचं. नदीच्या वरच्या अंगाला लाकूड वाहण्याचा एक जुना रस्ता आहे, आता त्यावर नेचे वाढलेत. तिथं एका प्रचंड सीडरच्या बुंध्यात, शेवाळाखाली, लष्करी दारूगोळ्याचा हिरवा लोखंडी डबा होता. त्या बाजूला कित्येक वर्षांत एक झाड तोडलेलं नाही. तरी बुंध्यापाशी ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता.

लॅव्हॉननं डब्यातून छानपैकी टॉर्च उचलला आणि प्लास्टिकचं बेडूक टाकलं. झाकण दाबलं. खटका बसेना.

"रबर फुगलंय याचं," ती म्हणाली.

"तुझं बेडूक बघून त्यालाही लाज वाटली असेल," मी म्हटलं. "काहीतरी धड ठेव, बाई."

"तू आणि तुझा नवरा! पेटी आहे की देवघर?" असं म्हणत तिनं कमरपट्ट्याला अडकवलेली लोखंडी कडी काढून आत टाकली. खटका लगेच बसला. आम्ही दोघी हसलो.

निघण्याआधी मी परत झाकण उघडलं, कारण मला काहीच घ्यायला मिळालं नव्हतं. तळाशी एक पक्षी होता. रेन, चिमणीहूनही इवलीशी, शेपूट वर. लाकूड लालभडक, अजून वास येणारं. शेपटीखाली तिरकी खाच.

मी माझा नवाकोरा कंपास ठेवला. खटका बसला.

घरी ओरिननं तो पक्षी थरथरत्या हातानं बराच वेळ फिरवून पाहिला. "हात माझा आहे," तो शेवटी म्हणाला. "पण हा मी केलेला नाही. रेन मला कधी जमलीच नव्हती."

"कुणीतरी नक्कल केली असेल."

"नकलेत चुका असतात गं, म्हातारे. यात माझ्यापेक्षा कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी ओतत होते. तो शर्ट घालून बाहेर आला. बटणं लावलेली होती, गळ्यापासून खालपर्यंत.

गोळ्या त्याच आठवड्यात बदलल्या होत्या. मी स्वतःला तेच सांगितलं, लॅव्हॉनलाही तेच. पण पुढच्या रविवारी मी लॅव्हॉनला न विचारता एकटीच निघाले, आणि पिशवीत माझ्या आईचा चांदीचा ब्रोच होता. तो का घेतला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

धुकं झाडांच्या कमरेपर्यंत उतरलं होतं. रस्त्याभर एक पाखरू एकच लांब सूर काढत होतं. बुंध्याजवळ पोचले आणि ते थांबलं. लाकडाचा वास आता रस्त्यापासूनच येत होता. डब्यात लॅव्हॉनचं बेडूक नव्हतं, कडी नव्हती, माझा कंपासही नव्हता. फक्त एक अंगठी होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, ट्राउट मासे धरताना, ओरिनची अंगठी नदीत गेली होती. ही तीच होती. आत आमच्या दोघांची नावं होती, त्यातलं माझं, मारित, सोनारानं जरा तिरकं कोरलेलं.

मी तिथंच चिखलात बसले. मग ब्रोच ठेवला, झाकण दाबलं, खटका बसला. म्हणजे बरोबरीचं होतं. किंवा वरचढ.

त्या संध्याकाळी ओरिननं अंगठी बोटात घालून सूप प्यायलं आणि टेबलावर एक थेंब सांडला नाही. मी रडले, खरंच, भांडी घासता घासता हमसून रडले. त्यानं मागून येऊन ओला हात धरला. हात गरम होता आणि स्थिर होता.

"कुठून आणलीस, ते सांगशील?" त्यानं विचारलं.

"पेटीतून."

"आणि ठेवलंस काय?"

"आईचा ब्रोच."

त्यानं बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाला, "समोरचा पण वरचढच ठेवतोय, मारित. आता जाऊ नकोस. अशा माणसाशी कुठं थांबायचं ते कळत नाही."

मी बरं म्हटलं. पण आठवड्याच्या शेवटी त्याचा डावा हात पुन्हा फडफडायला लागला. तो हात मांडीखाली दाबून बसला, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

तिसऱ्या खेपेला मी घरातलं जे जे मोलाचं ते सगळं घेऊन गेले. माझं घड्याळ, आजीचे मोत्यांचे डूल, बापाचं युद्धातलं पदक. पाऊस बारीक पडत होता. पाखरू नव्हतं. रस्त्याकडेचा ओढा वाहताना दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

डबा उघडला. आत चाकू होता.

हाडाची मूठ, पात्याच्या मुळाशी गंजाचा तोच जुना डाग. धार नवी. पेटीत चाकू कुणी ठेवत नाही, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. पण हा कुणा पोरासाठी ठेवलेला नव्हता. तो माझ्यासाठी होता, आणि ठेवणाऱ्याला हे माहीत होतं की मीच तो फेकला होता.

चाकू खिशात घातला. डूल ठेवले, झाकण दाबलं. खटका बसेना.

पदक ठेवलं. बसेना.

घड्याळ ठेवलं. माझ्या बोटातली लग्नाची अंगठी साबणाशिवाय निघत नव्हती, थुंकी लावून ओढून काढली, तीही ठेवली. दोन्ही हातांनी, मग गुडघा टेकून दाबलं. झाकण वर येत होतं, आतून कुणी हलकेच बोट लावल्यासारखं.

चाकू परत आत ठेवून पाहिला. खटका आपोआप बसला.

म्हणजे मोकळी होते मी. झाकण लावायचं आणि गुमान घरी यायचं. ओरिननं हेच सांगितलं असतं. मी डब्यावर हात ठेवून बसले आणि मांडीखाली दाबलेला त्याचा हात मला दिसत राहिला.

मी डबा उघडला. चाकू घेतला. माझ्या सगळ्या वस्तू बाहेर काढल्या, कारण त्यातली एकही पुरणार नव्हती, आणि पुरेल असं काय हे मला सुचत नव्हतं. इतकी वर्षं अदलाबदल केली, पण निवड दुसऱ्यावर कधी सोडली नव्हती.

"मला कळत नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "तूच निवड."

रिकाम्या डब्याचं झाकण खाली आलं. मी दाबलं नव्हतं.

खटका बसला.

गाडीपर्यंत मी पळत आले. वाटेत ओढ्याचा आवाज परत आला. गाडीत बसल्यावर खिसा चाचपला, चाकू होता. हात, पाय, आरशात चेहरा, सगळं जागेवर होतं. माझं काहीच गेलं नव्हतं. घरापर्यंतच्या रस्त्यावर मी गाडीतल्या गाडीत एकटी हसत होते.

दार उघडलं तर घरभर सीडरचा वास.

ओरिन टेबलाशी बसला होता, खिडकीकडे पाठ करून. समोर सालपटांचा ढीग, सकाळपासून साठल्यासारखा. हाडाच्या मुठीचा चाकू त्याच्या उजव्या हातात होता आणि पातं लाकडावरून न अडखळता जात होतं. मी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्याचे हात बघत होते. लग्नाच्या वेळी होते तसे हात.

"ओरिन," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. चेहरा प्रसन्न होता. तो अर्धवट उठला, अनोळखी माणूस घरात आलं की उठतो तसा.

"या ना, बाई. दार उघडंच असतं आमचं. भिजलात की हो." त्यानं समोरची खुर्ची पायानं सरकवली, माझी खुर्ची. "बसा. कॉफी गरम आहे. माझी बायको येईलच इतक्यात. रविवारी रानात जाते ती, पेट्या शोधायला."

मी बसले.

"हात बघितलेत?" त्यानं तळवे उलटेसुलटे करून दाखवले. लहान मुलासारखा हसला. "तिला अजून माहीत नाही. बघेल तेव्हा रडेल बघा, वेडी. तिच्यासाठीच सगळं चाललंय."

त्यानं लाकडी बाहुली टेबलावर उभी केली. ठेंगणी बाई, रेनकोट घातलेली. वरून दुसरं बटण नव्हतं, माझ्या कोटाला नाही तसंच. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. मी खाली पाहिलं, माझी नाडी सुटली होती. बाहुलीच्या हाती छोटी पेटी होती, झाकण लावलेली. इतकं बारीक काम त्यानं उमेदीतही केलं नव्हतं.

चेहऱ्याची जागा मात्र कोरी होती. गुळगुळीत, लाल, नुकती घासलेली.

"तेवढंच राहिलंय," ओरिन म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. "ती आली की बघून करीन."