सात पौंडांची तक्रार

चिठ्ठीत जोडीदार म्हणून सगळ्यांत तगड्या प्रतिस्पर्ध्याचं, हॉलिस ग्रीअरचं नाव निघालं आणि डेलिया रकरच्या कपाळाची शीर तडतडली.

अलाबामातल्या बेल्कनॅप तलावावर बॅस मासे पकडायच्या स्पर्धेत अजून जुनीच रीत चालायची. चिठ्ठ्या टाकून दोघादोघांना एका बोटीत बसवायचं, मासे मात्र ज्याचे त्याचे. बोट कुणाची घ्यायची हे नाणं उडवून ठरायचं. नाणंही हॉलिसच्याच बाजूने पडलं. म्हणजे दिवसभर तो बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहणार, प्रत्येक जागी आधी त्याचा गळ पडणार, आणि मागे बसलेल्या डेलियाच्या वाट्याला उष्टं पाणी!

"बोट जुनी आहे, पण बुडत नाही," तो हसत म्हणाला. उन्हाने रापलेला, उंच, आणि बोलताना टोपी उगाच मागे-पुढे करणारा. "दोघांपुरती सँडविचं आणलीत मी."

"मी जेवायला नाही आले."

"मग बरंच झालं… मला चार मिळतील."

डेलिया हसली नाही. वडिलांच्या गॅरेजमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करणारी ही पोरगी तीन वर्षं या स्पर्धेत उतरत होती. साठ पुरुषांत एकटी. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "काय गं राणी, नवऱ्याचा डबा घेऊन आलीस का?" यंदा जिंकणारा राज्याच्या अंतिम फेरीत जाणार होता आणि तिला त्या सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

पाऊस भुरभुरत होता. काठाच्या पहिल्याच वळणात हॉलिसने बोट आडवी लावली… दोघांनाही सारखंच ताजं पाणी मिळेल अशी.

"ही दया कशासाठी?" तिने फटकारलं.

"दया नाही. मागून कुणी दात-ओठ खात असलं की माझा गळ सरळ पडत नाही."

ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिने महत्प्रयासाने गिळलं. दुपारपर्यंत तिचे पाच मासे झाले. पाचापेक्षा जास्त ठेवता येत नसत. मोठा लागला की सर्वांत लहान सोडून द्यायचा. तिचा लहानगा जेमतेम दोन पौंडांचा होता.

आणि मग, बुडालेल्या झाडांजवळ, तिची काठी अर्धवर्तुळासारखी वाकली.

"मोठा आहे… हातजाळी घ्या! लवकर!"

मासा पाण्याबाहेर उसळला. हिरवाकंच, रुंद जबड्याचा, सात पौंडांचा तरी असेल. डेलिया गुडघ्यांवर आली. केस तोंडावर चिकटलेले, डोळे चमकत होते आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, "ये रे राजा, ये, ये…" मासा बोटीला लागला. हॉलिसने जाळी खाली नेली आणि जाळीचं लोखंडी कडं थेट गळाच्या ताणलेल्या दोरीवर आपटलं.

फट्!

पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. बस्स.

"माफ करा… माझी चूक झाली," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चूक? पोरंसोरंसुद्धा जाळी अशी मारत नाहीत! मुद्दाम केलंस तू!" तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंही नाही.

"मुद्दाम नाही."

"मग काय झालं होतं तुला?"

त्याने टोपी मागे-पुढे केली आणि जाळी खाली ठेवली. त्या उत्तर टाळण्याने तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या वाटेवर ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

वजनकाट्यावर हॉलिसचे मासे एकोणीस पौंड भरले, तिचे सतरा. ती दुसरी आली. तो सात पौंडी असता तर ती तीन पौंडांनी जिंकली असती! टाळ्या वाजत असतानाच डेलिया आयोजक बड पीव्हीच्या टेबलाशी गेली आणि तक्रारीचा कागद त्याच्यापुढे आपटला.

"यंत्रावर बसवा त्याला. मुद्दाम पाडला की नाही, ते कळू दे सगळ्यांना."

खोटं पकडणारं यंत्र या स्पर्धांत नेहमीचंच. म्हातारा पीव्ही पूर्वी पोलिसात हेच काम करायचा. त्याने हॉलिसला तंबूत बसवलं, हाताला पट्टे बांधले. तक्रार करणारी म्हणून डेलिया कनातीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"मासा मुद्दाम पाडलास?"

"नाही."

सुई हलली नाही.

"जाळी टाकताना माशाकडे बघत होतास?"

"…नाही."

पीव्हीने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग डेलियाकडे. मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला.

"पोरीकडे बघत होतास?"

"बड, हा प्रश्न—"

"हो की नाही, तेवढंच सांग."

"हो."

सुई सरळ रेघ ओढत राहिली. फक्त कागदाच्या कडेला नाडीचे ठोके उंच उंच चालले होते.

डेलियाचे कान तापले. ती तरातरा बाहेर पडली. हॉलिस पट्टे ओरबाडून मागे धावला आणि गाड्यांच्या रांगेजवळ तिला गाठलं.

"मी नाव मागे घेतो. अंतिम फेरीत तुम्हीच जा."

"खबरदार! भीक घालतोस मला?" ती गर्रकन वळली. "आणि बघायचं कशाला रे? मी मासा पकडायला आले होते! तीन वर्षं सगळे माझ्याकडे बघतातच आहेत, माझ्या गळाकडे कुणी बघत नाही!"

"मी बघत होतो," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून. वाऱ्याच्या विरुद्ध झाडाच्या दोन फांद्यांमधून गळ टाकलात… मला अजून जमत नाही ते. आणि मग मासा आला, तर तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात, आणि मी…" टोपी पुन्हा मागे-पुढे झाली. "तिथेच सांगितलं असतं तर ते निमित्त वाटलं असतं. मासा तुमचा गेलाच होता."

डेलियाला राग होता, चांगला भरपूर होता, पण तो नेमका कुठे फेकावा ते कळत नव्हतं.

"अंतिम फेरीला किती दिवस आहेत?" तिने दरडावून विचारलं.

"सहा आठवडे."

"जिंकलास तरच माझं दुसरं येणं शोभेल. दर शनिवारी सराव. माझी बोट. पुढे मी, मागे तू. त्या फांद्यांमधून गळ टाकायला शिकल्याशिवाय सुटका नाही."

"मान्य."

"आणि जाळीला हात लावलास तर पाण्यात ढकलीन."

"मान्य. सँडविचं आणू?"

ती गाडीत बसली, दार धाडकन लावलं, इंजिन सुरू केलं. मग काच चार बोटं खाली आली.

"चार आण," ती म्हणाली. "आणि ते तुम्ही-बिम्ही बंद कर आता."

"बरं… डेलिया, शनिवारी किती वाजता येऊ तुझ्याकडे?"

"पहाटे पाचला," ती म्हणाली, आणि गाडी वळवताना आरशात त्याला बघत असल्यामुळे तिचं चाक पीव्हीने वाटेकडेला टेकवलेल्या स्पर्धेच्या नव्याकोऱ्या फलकावरून गेलं.